कॉन्टॅक्ट लेन्स : आराम हवा, विसर नको

चष्म्याला पर्याय म्हणून वापरल्या जाणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स आता केवळ महानगरांपुरत्या मर्यादित राहिलेल्या नाहीत. जिल्ह्याच्या गावांतील चष्म्याच्या दुकानांतही त्या मिळू लागल्या आहेत. विद्यार्थी, खेळाडू, कलावंत, दिवसभर संगणकासमोर बसणारे नोकरदार असे अनेकजण त्या वापरतात. चांगली बसलेली मऊ लेन्स घातल्यानंतर काही मिनिटांतच जाणवेनाशी होते. हे तिचे सर्वांत मोठे यश आहे, आणि तिच्यापासून संभवणाऱ्या धोक्याचे मूळही त्यातच आहे. जी वस्तू डोळ्यात आहे याची जाणीवच होत नाही, ती रात्री काढायची राहून जाते, तिच्यासह आंघोळ होते आणि तिची मुदत संपल्याचेही लक्षात राहत नाही. लेन्सच्या वापराबाबत नेत्रतज्ज्ञ ज्या सूचना देतात, त्यांमागील कारणे समजून घेतली तर त्या पाळणे सोपे जाते.

डोळ्याचा श्वास

डोळ्याच्या रंगीत भागापुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक, गोलसर पडदा असतो. त्याला स्वच्छमंडल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर असते. प्रकाश आत जाण्यासाठी हा पडदा नितळ असणे आवश्यक असते, म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. शरीराच्या इतर भागांना रक्तातून प्राणवायू मिळतो. स्वच्छमंडलाला मात्र तो मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून मिळतो. झोपेत पापण्या मिटलेल्या असतात, तेव्हा पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांकडून त्याची गरज कशीबशी भागते.

लेन्स ठेवली जाते ती नेमकी याच पडद्यावर. ती अश्रूंच्या थरावर तरंगत असते आणि प्रत्येक उघडझापीबरोबर किंचित हलते, त्यामुळे तिच्याखालचे अश्रू बदलत राहतात. प्राणवायू कमी पडला तर स्वच्छमंडलाला सूज येते, दृष्टी धूसर होते, दिव्याभोवती वलये दिसू लागतात. ही उपासमार दीर्घकाळ चालू राहिली तर कडेकडून नवीन रक्तवाहिन्या पारदर्शक भागात शिरू लागतात. पृष्ठभागावरील पेशींचे आवरण दुबळे होऊन जंतूंना वाटही मिळते.

काचेपासून मऊ लेन्सपर्यंत

लेन्सचा इतिहास हा एका अर्थी प्राणवायूच्या शोधाचाच इतिहास आहे. झुरिकमध्ये काम करणारे जर्मन नेत्रवैद्य अॅडॉल्फ फिक यांनी १८८८ मध्ये डोळ्यावर बसणाऱ्या काचेच्या लेन्सविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी हे प्रयोग आधी सशांवर आणि नंतर स्वतःवर केले होते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी ती जड काच काही तासांपलीकडे सहन होत नसे. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत केविन टुओही यांनी केवळ स्वच्छमंडलापुरती लहान, प्लॅस्टिकची कडक लेन्स तयार केली. ती हलकी होती, परंतु त्या प्लॅस्टिकमधून प्राणवायू जवळजवळ जातच नसे. कडेने आत येणाऱ्या अश्रूंवरच डोळ्याची भिस्त असे.

पुढचे पाऊल प्राग शहरात पडले. झेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव्ह लीम यांनी पाणी शोषून मऊ होणारा पदार्थ तयार केला होता, परंतु त्याची निर्दोष लेन्स साच्यातून निघत नव्हती. १९६१ च्या नाताळात विख्तर्ले यांनी घरातील टेबलावर मुलांच्या खेळण्यातील धातूचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र उभे केले. फिरत्या साच्यात द्रव ओतून त्यांनी पहिल्या चार मऊ लेन्स तयार केल्या. १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मऊ लेन्सच्या विक्रीला मान्यता दिली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन हायड्रोजेल या पदार्थाच्या लेन्स आल्या. त्यांतून पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्राणवायू डोळ्यापर्यंत पोहोचतो.

या प्रवासात एक गोष्ट मात्र मागे पडली. जुनी कडक लेन्स संध्याकाळपर्यंत टोचू लागे, आणि ती काढण्याची आठवण डोळाच करून देई. मऊ लेन्स तशी आठवण करून देत नाही. ते काम आता वापरणाऱ्याने स्वतः करायचे असते.

झोपताना लेन्स का नको?

मिटलेल्या पापणीखाली प्राणवायू आधीच कमी असतो. त्यात लेन्सचा अडसर आला की तो आणखी घटतो. झोपेत उघडझाप नसल्याने अश्रू खेळते राहत नाहीत आणि जंतूंना निवांतपणे वाढता येते. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रदेशात झालेल्या पाहणीचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ दिवसा वापरायच्या मऊ लेन्स वापरणाऱ्या दर १०,००० व्यक्तींमागे वर्षाला सुमारे ४ जणांना स्वच्छमंडलाचा व्रण झाल्याचे त्यात आढळले. सलग रात्रंदिवस ठेवता येणाऱ्या मऊ लेन्स वापरणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २१ होते. पुढे अधिक प्राणवायू देणाऱ्या लेन्स आल्या, परंतु रात्रभर लेन्स ठेवण्यातील वाढीव धोका संपला नाही.

आकडे लहान वाटतील, परंतु व्रणाचे परिणाम लहान नसतात. जखम भरून आली तरी तेथे पांढरा डाग राहू शकतो. यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात. ते दृष्टीच्या मध्यभागी पडले, तर चष्म्याने ती नजर परत येत नाही. काही रुग्णांना मृत व्यक्तीच्या नेत्रदानातून मिळालेले स्वच्छमंडल बसवावे लागते.

रात्रीच्या रेल्वे प्रवासात किंवा दुपारच्या डुलकीतही हाच नियम लागू होतो. बर्थवर आडवे होण्यापूर्वी लेन्स काढून चष्मा लावणे हिताचे. रात्री घालून सकाळी काढायच्या काही विशेष लेन्स असतात, तसेच जखमी डोळ्यावर मलमपट्टीसारखी लेन्सही डॉक्टर लावतात. तो वापर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतो.

पिण्यास योग्य पाणीही लेन्सला वर्ज्य

लेन्स वापरणाऱ्यांच्या हातून अनेकदा मोडला जाणारा एक नियम पाण्याचा आहे. नळाचे पाणी स्वच्छ दिसते, आपण ते पितो, मग त्याने लेन्स धुतली तर बिघडले कुठे, असे अनेकांना वाटते. अॅकँथामिबा नावाचा एकपेशीय जीव माती, नळाचे पाणी, पाण्याच्या टाक्या, विहिरी, नद्या आणि पोहण्याचे तलाव अशा सर्व ठिकाणी आढळतो. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती कवच निर्माण करतो, आणि पाण्यात नेहमी घातले जाणारे क्लोरिन या कवचाला पुरे पडत नाही. पिण्याच्या पाण्यातून तो पोटात गेला तरी सहसा अपाय होत नाही. लेन्सला चिकटून तो स्वच्छमंडलावरील सूक्ष्म ओरखड्यात शिरला, तर मात्र उपचार अनेक महिने चालू शकतात. आरंभी हा संसर्ग इतर जंतुसंसर्गासारखाच दिसत असल्याने निदानासही उशीर होतो.

१९८० च्या दशकात अमेरिकेत अशा रुग्णांचा शोध घेतला गेला, तेव्हा मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरी तयार केलेल्या द्रावणाचा या आजाराशी संबंध असल्याचे पुढे आले. भारतातील चित्र थोडे निराळे आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार येथील बहुतेक रुग्ण लेन्स न वापरणारे असतात. डोळ्याला झालेली इजा, माती आणि दूषित पाणी यांतून त्यांना हा संसर्ग होतो. म्हणजेच हा जीव आपल्या परिसरात मुबलक आहे. लेन्स वापरणाऱ्याने त्याला आणखी एक वाट उघडून देऊ नये.

म्हणून आंघोळ, पोहणे, पावसात भिजणे आणि नदीतील पर्वस्नान यांपूर्वी लेन्स काढून ठेवावी. पोहणाऱ्यांना नंबराच्या काचा असलेला पोहण्याचा चष्मा करून घेता येतो. लेन्स बेसिनमध्ये पडली तर ती पाण्याने धुऊन लगेच डोळ्यात घालू नये. रोज टाकून द्यायची असेल तर ती टाकावी. अन्य प्रकारची लेन्स द्रावणाने चोळून, पूर्ण वेळ निर्जंतुक करूनच पुन्हा वापरावी. थुंकी लावून लेन्स ओली करण्याची सवय तर सर्वथा त्याज्य आहे, कारण तोंडात जंतूंची मोठी वस्ती असते.

द्रावणाचा धडा

लेन्सचे द्रावण हे केवळ ओलावा देणारे पाणी नसून जंतुनाशक औषध आहे. २००६ मध्ये सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांमध्ये फ्युजेरियम या बुरशीच्या संसर्गाचे रुग्ण अचानक वाढले. अमेरिकेतील तपासात १६४ रुग्ण निश्चित झाले आणि त्यांपैकी ५५ जणांवर स्वच्छमंडल प्रत्यारोपण करावे लागले. बॉश अँड लॉम्ब कंपनीच्या 'रेन्यू विथ मॉइश्चरलॉक' या द्रावणाशी हा संसर्ग निगडित असल्याचे दिसून आले, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. न उघडलेल्या बाटल्यांमध्ये वा कारखान्यात ती बुरशी सापडली नाही. प्रत्यक्ष वापरात द्रावणाची जंतुनाशक शक्ती अपुरी पडत असावी, असा तज्ज्ञांचा कयास होता. कालचे द्रावण न टाकता त्यातच नवीन भर घालण्याची सवयही तपासात ठळकपणे समोर आली.

काटकसर म्हणून केलेली ही भर डोळ्यावर उलटू शकते, कारण जुन्या द्रावणाची शक्ती जंतूंशी लढण्यात खर्च झालेली असते आणि त्यात मिसळलेले नवे द्रावणही दुबळे होते. सलाइन आणि जंतुनाशक द्रावण यांतील फरकही लक्षात ठेवावा. सलाइनने लेन्स खळबळता येते, पण निर्जंतुक होत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण असेल तर ते सोबतच्या विशिष्ट डबीतच वापरावे. ठरलेला वेळ पूर्ण होऊन ते निष्प्रभ झाल्याखेरीज लेन्स डोळ्यात घातल्यास तीव्र जळजळ होते.

रोजचा क्रम

• हात साबणाने धुऊन, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे करावेत. मिरची चिरल्यानंतर हात एकदा धुणे पुरत नाही. म्हणून लेन्स हाताळण्याचे काम त्यापूर्वीच उरकावे.

• नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करावी, म्हणजे लेन्सची अदलाबदल होत नाही. बोटाच्या टोकावर लेन्सचा आकार वाटीसारखा दिसला तर ती सुलट आहे. कडा बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर ती उलटी झाली आहे.

• काजळ व अन्य प्रसाधने लेन्स घातल्यानंतर लावावीत, आणि रात्री आधी लेन्स काढून मगच चेहरा धुवावा.

• काढलेली लेन्स तळहातावर ठेवून द्रावणाने बोटाच्या पेराने हलके चोळावी, खळबळावी आणि ताज्या द्रावणात ठेवावी. न चोळता चालते असे बाटलीवर लिहिलेले असले तरी चोळणे अधिक सुरक्षित.

• लेन्स घातल्यावर डबीतील द्रावण ओतून द्यावे. डबी द्रावणानेच धुऊन, पुसून, स्वच्छ कागदावर पालथी घालून वाळू द्यावी. दर तीन महिन्यांनी डबी बदलावी.

• महिन्याची लेन्स म्हणजे तीस वेळा घालण्याची लेन्स नव्हे. वेष्टन उघडल्यापासून तिचे दिवस मोजले जातात, मग ती रोज वापरलेली असो वा नसो.

दिवसातून एकदाच घालून टाकून द्यायच्या लेन्सना द्रावण व डबी लागत नाही. अधूनमधून समारंभापुरती लेन्स वापरणाऱ्यांसाठी त्या सोयीच्या ठरतात. मात्र त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरल्या तर त्यांचा सारा लाभ नाहीसा होतो.

डोळे कोरडे का पडतात?

लेन्स वापरणाऱ्यांची सर्वसाधारण तक्रार असते ती कोरडेपणाची. आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्यांची उघडझाप करतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण बरेच कमी होते आणि अनेकदा पापणी पूर्ण मिटतही नाही. अश्रूंचा थर सुकतो, त्याबरोबर लेन्सही सुकते आणि संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटते. दर वीस मिनिटांनी सुमारे वीस फूट अंतरावरील वस्तूकडे वीस सेकंद पाहणे आणि जाणीवपूर्वक पूर्ण पापणी मिटणे हा यावरचा सोपा उपाय आहे. संगणकाचा पडदा नजरेच्या किंचित खाली ठेवला तर डोळा कमी उघडा राहतो. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट चेहऱ्यावर येऊ देऊ नये.

ऋतुमानाप्रमाणेही वापर बदलावा लागतो. विदर्भातील किंवा राजस्थानातील उन्हाळ्याची कोरडी हवा, दिल्लीतील हिवाळ्याचे धुरके, दुचाकीवरची धूळ अशा वेळी चष्मा अधिक सुखाचा. होळीचे रंग लेन्सवर साचून राहतात आणि डोळ्याला अधिक काळ त्रास देतात, त्यामुळे त्या दिवशी लेन्स घालूच नये. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रासह देशाच्या अनेक भागांत डोळे येण्याची साथ पसरली होती. डोळे आले तर लेन्स ताबडतोब बंद करावी आणि वापरातील जोडी व डबी टाकून द्यावी. डोळे पूर्ण बरे झाल्यावर, डॉक्टरांच्या संमतीनेच नवी जोडी घालावी.

कोरडेपणासाठी औषधाचे थेंब हवे असतील तर लेन्सवर चालणारे, शक्यतो परिरक्षक नसलेले थेंब घ्यावेत. त्रास कायम राहिल्यास लेन्सचा पदार्थ, तिची वक्रता किंवा वापराचे तास बदलून पाहता येतात. सहन करत राहणे हा उपाय नव्हे.

चष्म्याचा नंबर म्हणजे लेन्सचा नंबर नव्हे

चष्मा डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटर दूर असतो, तर लेन्स डोळ्यावरच असते. त्यामुळे नंबर मोठा असल्यास दोन्हींची शक्ती वेगळी ठरते. शिवाय लेन्सची वक्रता आणि व्यास डोळ्याला जुळावे लागतात. घट्ट बसलेली लेन्स अश्रूंना अडवते आणि सैल लेन्स टोचते. म्हणून स्वच्छमंडलाचे मोजमाप आणि अश्रूंची तपासणी झाल्यावरच लेन्स घ्यावी, आणि वर्षातून एकदा डोळे दाखवावेत.

नंबर नसलेल्या, केवळ सौंदर्यासाठीच्या रंगीत लेन्सनाही हे सर्व लागू आहे. अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून अशा लेन्सनाही वैद्यकीय उपकरणाचा दर्जा दिला. लग्नसमारंभात किंवा नाटकाच्या रंगभूषेत एकाची लेन्स दुसऱ्याला घालणे म्हणजे एका डोळ्यातील जंतू दुसऱ्या डोळ्यात नेणे होय.

काही गैरसमजही दूर व्हायला हवेत. लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन हरवत नाही, कारण पापणीच्या आतील पातळ आवरण दुमडून डोळ्यालाच जोडलेले असते. ती फार तर वरच्या पापणीखाली सरकते. स्वयंपाकघरातील उष्णतेने ती वितळतही नाही. दुसरीकडे, लेन्स ही सर्वांसाठी केवळ हौस नसते. स्वच्छमंडल शंकूसारखे पुढे येणाऱ्या केरॅटोकोनस या विकारात चष्म्याने स्पष्ट दिसत नाही. अशा अनेकांचे शिक्षण आणि नोकरी विशेष कडक लेन्समुळे शक्य होते.

धोक्याची सूचना

डोळा लाल होणे, दुखणे, प्रकाश सहन न होणे, पाणी किंवा पू येणे, अंधुक दिसणे यांपैकी काहीही जाणवले तर पहिली कृती एकच : लेन्स काढावी. ती काढल्यावरही त्रास कमी होत नसेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. काही जंतू एक-दोन दिवसांत स्वच्छमंडलाची मोठी हानी करू शकतात, त्यामुळे 'उद्या पाहू' ही सबब येथे महागात पडते. औषधाच्या दुकानातून विचारून घेतलेले थेंब घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली कमी झालेली दिसते आणि आतील संसर्ग मात्र बळावतो. डॉक्टरांकडे जाताना काढलेली लेन्स, डबी आणि द्रावणाची बाटली सोबत न्यावी. नेमका कोणता जंतू आहे हे प्रयोगशाळेत शोधण्यास त्यांची मदत होते.

लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाजवळ योग्य नंबराचा चष्मा असलाच पाहिजे. अनेकजण चष्मा जुना झाल्यामुळे दुखऱ्या डोळ्यातही लेन्स घालत राहतात, आणि एका दिवसाच्या विश्रांतीने टळणारे दुखणे वाढवून घेतात. मराठीत सावध राहण्याला डोळ्यांत तेल घालून जपणे म्हणतात. लेन्सच्या बाबतीत इतके जागरणही लागत नाही. हात कोरडे, पाणी दूर, द्रावण ताजे, झोपताना डोळे मोकळे आणि चष्मा हाताशी, एवढे पाळले तर लेन्स अनेक वर्षे सुखाने वापरता येते.